भिंत झुकावी, पण पडू नये

गटाच्या मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "लातूर-नांदेडात एवढे मजले चढताहेत, किल्लारीसारखा भूकंप पुन्हा झाला तर?"

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत, आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली बहुतेक घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली दबून. भिंती दोन फुटांहून जाड होत्या. मग पडल्या कशा? आतला एक थर, बाहेरचा एक थर, मधे दगड-मातीची भर; दोन्ही थरांना बांधून ठेवणारं काही नाही. धक्क्यानं थर सुटले आणि वरची जड माती खाली आली.

भिंत वजन पेलते ते उभं. भूकंप मात्र घराला आडवा हिसका देतो. म्हणून उंच इमारतीत, बहुधा लिफ्ट आणि जिन्याभोवती, पायापासून गच्चीपर्यंत सळई घातलेली सलग काँक्रीटची भिंत उभी करतात. तिला इंजिनिअर 'शिअर वॉल' म्हणतात. ही भिंतसुद्धा हलते बरं का! तिचा माथा थोडा झुकतो आणि मागं येतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सळई सोसते. ओलं धाट वाकतं, वाळलेला कडबा कटकन मोडतो. सळई नीट असेल तर भिंत ओल्या धाटासारखी वागते. तडे जातात, पण माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो.

सगळ्यात जास्त जोर येतो तळाशी, भिंतीच्या दोन्ही टोकांना. तिथं रिंगा जवळजवळ हव्यात. विरळ असल्या तर काँक्रीट फुटतं आणि उभ्या सळया बाहेर वाकतात.

आपल्या एकमजली घरकुलाला शिअर वॉल लागत नाही. पण दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींवर सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवाच, कमरपट्ट्यासारखा, कुठंही न तुटलेला. १९९३ नंतर गावोगाव घरं मजबूत करायचं काम निघालं, तेव्हा महिला मंडळांच्या बायका संवाद सहायक झाल्या आणि हे सगळं घरोघरी समजावून सांगत फिरल्या.

माझ्या घराच्या वेळी मिस्त्री म्हणाला, "वहिनी, रिंगा कोण मोजतंय?" मी मोजल्या. रिंगेची टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळवलेली आहेत का तेही बघितलं; चार ठिकाणी नव्हती, ती परत वळवून घेतली. काँक्रीट ओतल्यावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

२१ मार्च २०२४ ला हिंगोलीकडचा धक्का नांदेडातही जाणवला होता. त्या सकाळी भांडी खडखडली, तेव्हा तुमच्यापैकी किती जणींनी आधी भिंतीकडं पाहिलं?