नऊ दिवसांत तीन शहरे

मुलांनो, समजा एका संध्याकाळी अब्बा घरी आले आणि म्हणाले, "यंदा मेच्या सुट्टीत आपण समरकंदला जाऊ. पैसे मी साठवले आहेत. पण बेत तू आख." मग तुम्ही काय कराल?

आनंदाने उड्या माराल, हे तर खरेच. पण नंतर? समरकंद उझबेकिस्तानात आहे. तो आपला देश नाही. तिथली भाषा वेगळी, पैसे वेगळे, लिपी वेगळी. अब्बांनी पाच वर्षे पैसे जमवले आहेत. असा प्रवास पुन्हा लवकर घडणार नाही. शिवाय बरोबर दादी आहेत. त्या म्हणतात, "माझे गुडघे चालतात तोवर दाखवून आणा." म्हणजे चूक झाली, तर ती सगळ्या घराला महागात पडेल. म्हणून आधी एक वही घ्या आणि थोडे गणित करा.

पहिले गणित दिवसांचे. अब्बांना नऊ दिवसांची रजा मिळाली आहे. नऊ दिवस म्हटले की खूप वाटतात. पण तुम्ही मालेगावला राहता असे धरू. मालेगावहून मनमाडला जायचे, तिथून रेल्वेने दिल्ली. त्यात जवळजवळ एक दिवस जातो. परत येताना आणखी एक. उरले सात. दिल्लीहून ताश्कंदला विमान सुमारे तीन तासांत पोहोचते. पण विमानतळावर तीन तास आधी जावे लागते, उतरल्यावर तपासणी होते, सामान घ्यावे लागते, मुक्कामाची जागा शोधावी लागते. तो दिवस असाच जातो. येतानाचाही तसाच. उरले पाच. नऊ दिवसांच्या रजेत पाहण्याचे दिवस फक्त पाच! पुष्कळ माणसे हे गणित करत नाहीत, आणि मग निम्मा प्रवास गाडीच्या खिडकीतून पाहतात.

आता नकाशा उघडा. ताश्कंद ही राजधानी. तिच्या नैर्ऋत्येला सुमारे तीनशे किलोमीटरवर समरकंद आहे. समरकंदच्या पश्चिमेला बुखारा, आणखी पावणेतीनशे किलोमीटर. त्याहून पुढे किझिलकुम नावाचे वाळवंट ओलांडून सुमारे साडेचारशे किलोमीटर गेले, की खीवा लागते. खीवाची मातीची तटबंदी फार सुंदर आहे. तुमचे बोट तिथपर्यंत जाईलच. पण बोट मागे घ्या. खीवाला जाण्यायेण्यात पाचांपैकी दोन दिवस जातील आणि दादी दमून जातील. खीवा राहू द्या. मला स्वतःला हे वाक्य लिहितानाही वाईट वाटते. पण पहिल्या प्रवासात काय पाहायचे नाही, हे आधी ठरवावे लागते.

राहिली तीन शहरे. ती कोणत्या क्रमाने पाहावीत? सोपा विचार असा, की विमान ताश्कंदला उतरते, तर आधी ताश्कंद पाहू, मग समरकंद, शेवटी बुखारा. पण मग शेवटच्या दिवशी बुखाऱ्याहून सहाशे किलोमीटर धावत यावे लागेल. गाडीला उशीर झाला तर विमान चुकेल, आणि विमान कोणासाठी थांबत नाही. म्हणून उलटे करा. सर्वांत दूरचे गाव आधी पाहा आणि हळूहळू विमानाच्या गावाकडे या. म्हणजे असे: दुसऱ्या दिवशी ताश्कंदला फक्त मुक्काम, तिसऱ्या दिवशी सकाळी बुखारा, पाचव्या दिवशी समरकंद, सातव्या दिवशी पुन्हा ताश्कंद, आठव्या दिवशी विमान.

या तीन शहरांमध्ये एक वेगवान रेल्वे धावते. तिचे नाव अफ्रोसियोब. ती 2011 साली ताश्कंद ते समरकंद सुरू झाली आणि 2016 साली बुखाऱ्यापर्यंत जाऊ लागली. तिचा वेग ताशी 250 किलोमीटरपर्यंत जातो. ताश्कंदहून समरकंदला ती दोन तासांपेक्षा थोडा अधिक वेळ घेते. मात्र तिची तिकिटे लवकर संपतात. म्हणून विक्री सुरू होताच तिकिटे काढावीत, आणि रेल्वेची तिकिटे हाती आल्यावरच बाकीचे दिवस पक्के करावेत. ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन मोठी स्थानके आहेत. आपल्या तिकिटावर कोणते आहे ते नीट वाचावे. बुखाऱ्याचे स्थानक तर शहरात नाहीच. ते कागान नावाच्या गावी, दहा-बारा किलोमीटर दूर आहे. तिथून शहरात जायला टॅक्सी लागेल, तिचे पैसे हिशेबात धरा.

दुसरे काम कागदपत्रांचे. हे काम कंटाळवाणे आहे. पण इथेच सर्वांत मोठ्या चुका होतात. परदेशात जाणाऱ्या प्रत्येक माणसाला पासपोर्ट लागतो, लहान बाळालासुद्धा. आपल्या देशात मोठ्या माणसांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, लहान मुलांचा साधारणपणे पाच वर्षे. त्याची मुदत संपायला निदान सहा महिने बाकी असावेत. अब्बांचा पासपोर्ट चालू आहे म्हणून तुमचाही असेल असे समजू नका. प्रत्येकाचा उघडून पाहा.

पासपोर्टनंतर व्हिसा, म्हणजे त्या देशाची आत येण्याची परवानगी. भारतीय नागरिकांसाठी उझबेकिस्तानने 2018 साली ई-व्हिसा सुरू केला. त्यासाठी दूतावासात जावे लागत नाही. संगणकावर अर्ज भरता येतो. पण अर्ज त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच भरावा. तशीच दिसणारी दुसरी संकेतस्थळे असतात, ती जास्त पैसे घेतात. शिवाय असे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा वाचावेत. व्हिसा मिळाला की त्याची कागदावर प्रत काढून घ्यावी. मोबाईल ऐन वेळी बंद पडू शकतो.

आणि आता एक गोष्ट, जी आपल्या घरांत फार वेळा घडते. मोहम्मद हे नाव इंग्रजीत किती प्रकारांनी लिहितात, ते आठवा. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. कोणी फक्त पहिली दोन अक्षरे लिहून पुढे टिंब देतो. विमानाच्या तिकिटावर आणि व्हिसावर नाव अक्षर न अक्षर पासपोर्टप्रमाणेच हवे. मी एकदा पाठ आहे म्हणून माझे नाव तिकिटावर सवयीप्रमाणे लिहिले. एका अक्षराचा फरक पडला. ते अक्षर बदलून घेण्यासाठी दोन दिवस फोन करावे लागले आणि वर दंडही भरावा लागला. तेव्हापासून मी पासपोर्ट समोर ठेवून, त्यावर बोट फिरवत नाव लिहितो.

तिसरे गणित पैशांचे. उझबेकिस्तानच्या चलनाला सोम म्हणतात. एका अमेरिकी डॉलरला दहा हजारांहून अधिक सोम मिळतात. त्यामुळे शंभर डॉलर बदलले की तुम्ही लखपती होता! पण लाखाची नोट पाहून घाबरू नका आणि फुशारूनही जाऊ नका. आपले रुपये तिथल्या दुकानात चालत नाहीत. बँकेतून डॉलर घेऊन जावेत आणि तिथे बँकेतच बदलावेत. डॉलरच्या नोटा कोऱ्या असाव्यात. फाटलेल्या, डाग पडलेल्या नोटा घेत नाहीत. सगळे पैसे एकाच माणसाच्या खिशात ठेवू नयेत. थोडे अब्बांकडे, थोडे अम्मींकडे, आणि एक छोटी रक्कम दादींच्या बटव्यात. दादींचा बटवा घरातली सर्वांत सुरक्षित तिजोरी असते.

ऋतूही पाहिला पाहिजे. उन्हाळ्यात बुखाऱ्याचे ऊन चाळीस अंशांच्याही वर जाते. थंडीत तिथे बर्फ पडतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. मेच्या सुट्टीत जाणार असाल तर पहिल्या पंधरवड्यात जा. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते, तेवढा बदल करा.

एवढे झाले की मग खरी मजा सुरू होते: कुठे काय पाहायचे? इथेही रोज एकच मोठे ठिकाण सकाळी ठेवा, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी जवळपास फिरणे. बुखाऱ्यात सगळे जवळजवळ आहे, त्यामुळे दादींना ते सोपे जाईल. तिथला कल्यान मिनार 1127 साली बांधला गेला. तो सुमारे 46 मीटर उंच आहे. मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. गावात लबी हौज नावाचा जुना तलाव आहे. त्याच्या काठी तुतीची म्हातारी झाडे आहेत, आणि गाढवावर बसलेल्या एका माणसाचा पुतळा आहे. तो कोण ते तुम्ही न सांगता ओळखाल. तो आपला मुल्ला नसरुद्दीन! वैद्यकशास्त्राचे थोर पंडित इब्न सिना यांचा जन्मही याच शहराजवळच्या एका गावात, सन 980 मध्ये झाला.

समरकंदला मात्र दोन दिवस द्या. तिथे रेगिस्तान नावाचे मोठे चौक आहे. त्याच्या तीन बाजूंना तीन मदरसे उभे आहेत. सर्वांत जुना मदरसा उलुग बेग या राजाने बांधला. तो 1420 साली पूर्ण झाला. बाकीचे दोन सतराव्या शतकातले. निळ्या विटांवर सकाळचे ऊन पडते तेव्हा आणि पुन्हा संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा, असे दोनदा हे चौक पाहावे. उलुग बेग तैमूरचा नातू. राजा असूनही त्याचा जीव आकाशात रमत असे. त्याने मोठी वेधशाळा बांधली आणि हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी तयार केली. ती वेधशाळा पुढे मोडून गेली. तिचा जमिनीखालचा भाग 1908 साली उकरून काढला, तो आजही पाहता येतो. आपल्याकडे जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी जंतरमंतर बांधले, तेव्हा उलुग बेगचे कोष्टक त्यांच्यापुढे होते. शाही झिंदा नावाच्या कबरस्तानात खूप पायऱ्या आहेत. तिथे दादींना खाली सावलीत बसवा आणि एकाने त्यांच्याजवळ थांबावे. चहा मिळतोच.

ताश्कंद 26 एप्रिल 1966 च्या भूकंपात खूप पडले, म्हणून तिथे नव्या इमारती आणि रुंद रस्ते जास्त दिसतात. त्याच वर्षी जानेवारीत आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे या शहरात निधन झाले. आदल्याच दिवशी, 10 जानेवारीला, त्यांनी पाकिस्तानबरोबर करारावर सही केली होती. त्यांचा पुतळा तिथे आहे. अब्बांना तो नक्की पाहायचा असेल. तुम्हांला मेट्रो आवडेल. ती 1977 साली सुरू झाली, आणि तिचे एक स्थानक अंतराळवीरांच्या चित्रांनी सजवले आहे. 2018 पर्यंत तिथे छायाचित्र काढायला बंदी होती, आता काढता येते.

भाषेची भीती वाटते? उझबेक भाषा तुर्की कुळातली, पण तिच्यात फारसी-अरबी शब्द पुष्कळ आहेत. फक्त 'आ' चा उच्चार बहुधा 'ओ' सारखा होतो. किताब म्हणजे 'कितोब', बाजार म्हणजे 'बोझोर', नान म्हणजे 'नोन', आसमान म्हणजे 'ओस्मोन'. शाळेला ते मकतबच म्हणतात. अफ्रासियाबचे अफ्रोसियोब कसे झाले, ते आता कळले ना? आभार मानायला 'रहमत' म्हणायचे. घरी जेवताना आठवडाभर हा खेळ खेळून पाहा. दादी सगळ्यांत पुढे राहतील.

एक शब्द मात्र जपून वापरा. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दप्तर म्हणजे तुमच्या पाठीवरची पिशवी. ताश्कंदच्या चोरसू बाजारात एखाद्या दुकानदाराजवळ 'दफ्तर' मागितले, तर तो तुमच्या हातात वही ठेवील. ठेवली तर विकत घ्या. घरून नेलेली वही तोपर्यंत हिशेबांनी भरत आली असेल.