सायकलपट्टा असलेल्या रस्त्यावर सायकलस्वाराचे स्थान



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, मराठवाड्याचा इतिहास, भाषाशुद्धी अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विवेचन केले आहे. त्या परंपरेत रस्त्याच्या कडेचा हा विषय काहीसा विजोड वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु माझा आयुष्यभराचा व्यवसाय रस्ते आखण्याचा. आणि ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते अखेरपर्यंत सायकलीवरूनच शाळेत येत असत. त्यामुळे विषय अगदीच परका आहे असे मला वाटत नाही. शिवाय पालकसभेत एका मातेने मला एक सरळ प्रश्न विचारला होता. ‘रस्त्यावर सायकलींसाठी पट्टा आखला आहे, तर मुलाने त्या पट्ट्यातूनच जावे ना?’ त्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही, आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. म्हणून हे विवेचन.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपण ज्याला सरसकट ‘सायकल ट्रॅक’ म्हणतो त्यात दोन भिन्न वस्तू येतात. एक म्हणजे वाहनांच्या रस्त्यावरच रंगाने आखलेला पट्टा. दुसरी म्हणजे उंचवटा, झाडे किंवा कठडा यांनी रस्त्यापासून वेगळा काढलेला मार्ग. 2023 च्या ऑक्टोबरात आपल्या हैदराबादच्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगत 23 किलोमीटर लांबीचा, सौर तावदानांचे छप्पर असलेला मार्ग खुला झाला, तो या दुसऱ्या प्रकारचा. त्या मार्गावर ‘कोठून जावे’ हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. खरी अडचण आहे ती पहिल्या प्रकारात, आणि दुसऱ्या प्रकारात चौक येतो तेव्हा.

पट्ट्याचा विचार अंकगणितापासून करू. सायकलीच्या दांडीची रुंदी साधारण 60 सेंटिमीटर. पण सायकल कधीच रेघेत चालत नाही. ती किंचित डुलत जाते, आणि पाठीवर दप्तर असले, चढ असला, वेग मंद असला की अधिकच डुलते. म्हणून भारतीय रस्ते परिषदेने 1962 साली सायकलमार्गांसाठी जी शिफारस केली तिच्यात एका सायकलीमागे 1 मीटर रुंदी धरली आणि कोणताही मार्ग 2 मीटरहून अरुंद असू नये असे सांगितले. आता समजा, दुकानांच्या रांगेपुढे मोटारी उभ्या आहेत आणि त्यांना लागून दीड मीटर रुंदीचा पट्टा आखला आहे. उभ्या मोटारीचे दार पूर्ण उघडले की ते सुमारे 1 मीटर बाहेर येते. पट्ट्याच्या बरोबर मधोमध, म्हणजे मोटारीपासून पाऊण मीटरवर, आज्ञाधारकपणे चालणारा मुलगा त्या दाराच्या टप्प्यात पुरता सापडतो. दांडीचे डावे टोक दाराला लागू नये असे वाटत असेल, तर चाक मोटारीपासून 1 मीटर 30 सेंटिमीटरवर हवे. म्हणजेच जवळजवळ पट्ट्याच्या उजव्या रेघेपाशी! रेघ ओढणाऱ्याने सायकलस्वाराला जागा दिली असे दिसते खरे, पण त्या जागेचा मोठा भाग दाराच्या मालकीचा असतो.

‘दार उघडताना दिसले की थांबता येईल’ असे कोणी म्हणेल. ताशी 18 किलोमीटर या बेताच्या वेगाने सायकल एका सेकंदात 5 मीटर जाते. पाहणे, उमजणे आणि ब्रेक दाबणे यात एक सेकंद सहज जातो. त्यानंतर साधारण ब्रेकने थांबायला आणखी चार मीटर लागतात. एकूण नऊ मीटर. उभी मोटार चारेक मीटर लांब असते. तेव्हा आपल्या पुढच्या नव्हे, तर त्याच्याही पुढच्या मोटारीचे दार उघडले तरच थांबणे शक्य आहे. दार अंगावर आदळण्यापेक्षाही भीती असते ती दार चुकवताना उजवीकडे मागून येणाऱ्या बसखाली जाण्याची.

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये 2022 च्या जानेवारीत सुधारणा झाली. उभ्या मोटारींपासून दाराइतके किंवा 1 मीटर अंतर ठेवावे, रस्त्याच्या कडेपासून निदान अर्धा मीटर दूर राहावे, आणि शांत रस्त्यावर, मंद रहदारीत व चौकाजवळ आपल्या मार्गिकेच्या मध्यभागी जावे, असे त्यात सांगितले आहे. सायकलपट्टा वापरणे सक्तीचे नाही, हेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. मोटारचालकाने दार उघडताना दारापासून दूरच्या हाताने उघडावे, म्हणजे अंग आपोआप वळून मागे नजर जाते, ही सूचनाही त्यातच आहे. ब्रिटनमध्ये आपल्याप्रमाणेच वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून तेथील नियम आपल्याला जसेच्या तसे ताडून पाहता येतात. अमेरिका, जर्मनी, हॉलंड येथील नियम वाचताना मात्र डावे-उजवे आरशातल्याप्रमाणे उलटून घ्यावे लागते.

पट्टा सक्तीचा असावा की नसावा, हा वाद जुना आहे. लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर 1934 साली पहिला सायकलमार्ग झाला तेव्हा सायकलस्वारांच्या संघटनेनेच त्याला विरोध केला. आज सोय म्हणून दिलेली जागा उद्या कुंपण होईल आणि आपल्याला हमरस्त्यावरून हाकलले जाईल, ही त्यांची धास्ती होती. ती निराधार नव्हती. जर्मनीत त्याच वर्षी सायकलमार्ग वापरण्याची सक्ती आली, आणि सरसकट सक्ती उठायला 1 ऑक्टोबर 1998 उजाडावा लागला. तेव्हापासून जेथे निळी गोल पाटी आहे तेथेच बंधन. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात रहदारीहून मंद जाणाऱ्या सायकलस्वाराला पट्टा वापरायला सांगितले आहे. मात्र दुसऱ्याला ओलांडण्यासाठी, वळण्यासाठी, खड्डा-कचरा टाळण्यासाठी आणि वाहने कडेकडे वळू शकतात अशा ठिकाणाजवळ येताना पट्टा सोडण्याची मुभा दिली आहे. मला हा कायदा त्या मुभांसाठी आवडतो. पट्टा कोठे सोडावा हे ज्याला कळले त्याला सायकल चालवणे कळले, असे मी म्हणेन. आपल्याकडे 1989 च्या रस्ता-नियमांत सायकलमार्गावर मोटारवाहन नेण्यास मनाई होती. 2017 मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमावलीने घेतली. मनाईचे पालन किती होते, हे कोठीच्या किंवा काचीगुड्याच्या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता उभे राहिलेल्यांना मी सांगण्याची गरज नाही.

आता चौक. सरळ रस्त्यावर पट्टा निदान दिलासा देतो; चौकात तोच पट्टा फसवतो. सायकलस्वार डाव्या पट्ट्यातून सरळ जात आहे, त्याला मागून ओलांडून एखादी मोटार पुढे येते आणि लगेच डावीकडे वळते. मोटारचालकाच्या मते तो आपल्या वळणावर वळला. सायकलस्वाराच्या मते तो आपल्या पट्ट्यात होता. दोघेही आपापल्या रेघेप्रमाणे बरोबर आहेत, आणि रेघा मात्र एकमेकींना छेदतात. म्हणून सरळ जायचे असेल तर चौकाच्या आधी मागे वळून पाहावे, हात दाखवावा आणि जागा मिळताच पट्टा सोडून डाव्या मार्गिकेच्या मध्यभागी, वाहनांच्या रांगेत एकामागे एक असे यावे. डावीकडे वळणारे वाहन मग मागे थांबते किंवा उजवीकडून पुढे निघून जाते. ज्याला हे जमत नाही त्याने वेग कमी करून पुढच्या वाहनाच्या मागे राहावे. बस किंवा लॉरी सिग्नलला उभी असताना तिच्या डाव्या अंगाने पुढे घुसणे हे सर्वांत घातक. एवढ्या उंचावर बसलेल्या चालकाला आपल्या डाव्या कुशीतली सायकल दिसत नाही. आणि वळताना लॉरीचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आत कापत येते.

उजवीकडे वळण्याचे दोन मार्ग आहेत. अनुभवी सायकलस्वार चौकाच्या बराच आधी टप्प्याटप्प्याने उजवीकडे सरकतो. विद्यार्थ्यांना मी दुसरा मार्ग सुचवतो. डाव्या बाजूनेच सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबावे, सायकल वळवून त्या रस्त्याचा सिग्नल मिळाला की निघावे. डेन्मार्कमध्ये सायकलस्वारांनी असेच दोन टप्प्यांत वळावे असा नियमच आहे. वेळ थोडा जास्त जातो, एवढेच.

अमेरिकेत जॉन फॉरेस्टर नावाचे एक अभियंते होऊन गेले, कादंबरीकार सी. एस. फॉरेस्टर यांचे ते चिरंजीव. 1970 च्या दशकात त्यांनी आग्रहाने मांडले की सायकलस्वाराने वाहनचालकासारखे वागावे, त्याला वाहनचालकासारखेच वागवले जावे, आणि वेगळे पट्टे नकोतच. चौकाविषयीची त्यांची बरीच समज मी उचलली आहे. पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. धडधाकट प्रौढ पुरुषाला जे साधते ते बारा वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या आजोबांना साधावे, असे गृहीत धरून शहर बांधता येत नाही. हॉलंडने उलट वाट धरली. तेथे 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच ‘बालहत्या थांबवा’ असे होते. 1973 च्या तेलटंचाईने त्या मागणीला बळ दिले, आणि मग वेगळे रुंद मार्ग व चौकांची नवी रचना हळूहळू देशभर झाली. तेथील सुधारणा अजूनही चालूच राहिल्या. 1999 च्या डिसेंबरात त्यांनी गावांतील मोपेडगाड्या सायकलमार्गांवरून काढून मुख्य रस्त्यावर आणल्या. ज्या वाहनाचा वेग सायकलीशी जुळत नाही त्याला त्या मार्गावर जागा नाही, हा त्यामागील विचार. आपल्याकडच्या स्कूटरस्वारांनी याची नोंद घ्यावी.

वेगळ्या मार्गाविषयी एकच गोष्ट राहिली. तो मार्ग जेथे आडरस्त्याला छेदतो तेथे विरुद्ध दिशेने येणाऱ्या सायकलस्वाराला धोका अधिक असतो. आडरस्त्यावरून डावीकडे वळून बाहेर पडणारा चालक उजवीकडून येणारी रहदारी पाहतो. डावीकडून सायकल येईल अशी त्याची अपेक्षाच नसते. ‘जवळ पडते’ म्हणून उलट्या दिशेने येणारी मुले आपल्या फाटकासमोर रोज दिसतात. त्यांना वळसा घालून यायला लावावे, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे. आणि पालकांना विनंती अशी की, शाळा सुटताना आपल्या मोटारी पट्ट्यावर उभ्या करू नयेत. फाटकापासून शंभर पावलांवर थांबवून मुलांना तेथवर चालत येऊ द्यावे. पट्टा अडला की सायकलवरच्या मुलांना नेमके भर रहदारीच्या वेळी, मागे न पाहता, उजवीकडे यावे लागते.