वाहतुकीची शिस्त : दंड की व्यवस्था?

वाहतूक सुरक्षित व शिस्तशीर व्हावी म्हणून सरकार ज्या सुधारणा करते, त्यांच्या वाटा दोन. एक दंडाची, दुसरी व्यवस्थेची. ह्या दोहोंतील भेद ध्यानी घेतल्यावाचून आपल्या बीड जिल्ह्यातील रस्त्यांचे कोडे उलगडावयाचे नाही, असे आम्हांला वाटते.

व्यवस्थेचा धडा मराठवाड्याला जुना आहे. हैदराबाद संस्थानात १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ गाड्या व १६६ नोकर घेऊन सरकारी मोटार-वाहतूक सुरू केली. तिकडे मुंबई प्रांतात पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९५० च्या कायद्याने राज्यांना परिवहन महामंडळे स्थापता आली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे येथील सरकारी गाड्याही महामंडळात सामील झाल्या.

ह्या सुधारणेचे मर्म काय? खासगी सर्व्हिस मोटारीची मिळकत उतारूंच्या संख्येवर असे. म्हणून ती भरल्याखेरीज हलू नये आणि भरल्यावरही आणखी चार माणसे घ्यावीत, हे ओघानेच येई. एस.टी.चा ड्रायव्हर पगारी झाला, गाडीला वेळापत्रक आले, तिकिटाचे काम कंडक्टरकडे गेले. उतारू कोंबण्यात ड्रायव्हरचा लाभ उरला नाही.

आता दंडाची वाट पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. परवान्यावाचून गाडी हाकल्यास ५०० रुपयांऐवजी ५,००० रुपये दंड आला. प्रत्येक जादा उतारूमागे २०० रुपये दंड ठरला. शिवाय जादा उतारू उतरवून त्यांची दुसऱ्या वाहनाने सोय होईपर्यंत गाडी हलवू नये, असेही कायदा म्हणतो.

अडचण नेमकी येथे आहे. सायंकाळी धारूरच्या वाटेवर काळीपिवळी जीपमधून शाळेच्या मुली उतरवल्या, तर दुसरे वाहन कोणते? २०२१-२२ च्या संपात एस.टी. थांबली, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारलाच खासगी बसगाड्यांबरोबर मालवाहू वाहनांतूनही उतारू नेण्यास मुभा द्यावी लागली. गाडीच नसेल तर नियमाला मुरड घालावीच लागते.

उलट, १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त निम्मे तिकीट झाले. ही सवलत सुरक्षिततेच्या नावाने आली नव्हती. तरी जीपच्या दाटीतून बसकडे वळण्यास तिने कारण दिले. मात्र उतारू वाढले आणि गाड्या तेवढ्याच राहिल्या, तर दाटी केवळ एका वाहनातून दुसऱ्यात जाईल.

दंड अनावश्यक आहे, असे आमचे म्हणणे नाही. मद्य पिऊन गाडी हाकणाऱ्यास दयामाया कशाला? पण पोटासाठी जादा उतारू घेणारा रिक्षावाला आणि नाइलाजाने त्यात बसणारा उतारू ह्यांना केवळ पावतीने शिस्त लागणार नाही. म्हणून नागरिकांनी आगारप्रमुखांकडे शाळा सुटण्याच्या वेळेची गाडी मागावी, नगरपरिषदेकडे रिक्षांना ठरीव थांबे मागावेत, आणि ती सोय झाल्यावर भरलेल्या वाहनात पाय ठेवू नये. सोय देणे सरकारचे काम. ती असताना नियम मोडू न देणे आपले.