बर्फावरचा वस्ताद

शिरूर-दौंडच्या माणसाला स्की शिकायचं असेल तर वाट वाटते तितकी अवघड नाही. दौंडला झेलम एक्स्प्रेस पकडायची, जम्मूला उतरायचं, कटऱ्याहून श्रीनगरची रेल्वे धरायची (ती जून 2025 मध्ये सुरू झाली) आणि तंगमर्गवरून गुलमर्ग गाठायचं. नाहीतर दिल्लीला उतरून उत्तराखंडातलं औली. तिथे गढवाल मंडल विकास निगम 7 आणि 14 दिवसांचे वर्ग चालवत आलं आहे. वाट समजली. पण शिकवणारा नेमकं काय शिकवतो, आणि परदेशात स्की शिकण्याच्या आठवड्यातली एखादी संध्याकाळ स्कॉटिश का होते?

पहिला दिवस बुटांचा

आल्प्समध्ये पाहुणे बहुधा शनिवारी बदलतात आणि रविवारी नवी तुकडी बर्फावर उभी राहते. पहिला तास बुटांतच जातो. बूट कडक प्लास्टिकचे, प्लास्टर घातल्यासारखे. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघा वाकवला की सुटला पाहिजे. थंडी म्हणून दोन-दोन मोजे चढवणारे हमखास असतात. त्यांचेच पाय आधी गारठतात, कारण दाबामुळे रक्त खेळत नाही. मोजा एकच, पातळ.

मग पडायचं कसं ते. आडवं, चढाच्या बाजूला. उठताना स्की उताराला आडव्या करून घ्यायच्या, नाहीतर माणूस उठता उठताच पुन्हा चालू लागतो. तालमीतला वस्तादसुद्धा पोराची पडायची भीती आधी घालवतो, डाव नंतर.

पाचर

थांबण्याच्या पहिल्या युक्तीला इंग्रजीत बर्फाचा नांगर म्हणतात. मला विचाराल तर आपल्याला ‘पाचर’ हा शब्द जास्त कळेल. स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, आणि भार आतल्या कडांवर. पाचर रुंद केली की वेग कमी, अरुंद केली की जास्त. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळायचं, डाव्यावर दिला की उजवीकडे. हे उलटं गणित डोक्याला पटायला अर्धा दिवस जातो, पायाला एक दिवस.

खरी अडचण भीतीची. उतार दिसला की अंग आपोआप मागे, चढाकडे झुकतं. तसं झुकलं की स्कीच्या टोकांवरचा भार जातो आणि ताबा सुटतो. म्हणून शिक्षक दिवसभर एकच सांगत राहतो: नडगी बुटाच्या जिभेवर दाब, खाली दरीकडे वाक. जिवाची काळजी असलेल्या माणसाला हे पटवणं, हीच त्याची नोकरी. तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तेव्हा जाणता शिक्षक काम हलकं करतो. पुढे वर घेऊन जाणारा खुर्चीचा पाळणा, लांब उतार, आणि शुक्रवारपर्यंत दोन्ही स्की समांतर ठेवून वळायचा प्रयत्न. जमलं तर जमलं.

25 जानेवारी

आल्प्समध्ये ब्रिटिश पाहुणे पुष्कळ आणि शिक्षकांतही ब्रिटिश बरेच. स्कॉटलंडचा लोककवी रॉबर्ट बर्न्स 25 जानेवारी 1759 ला जन्मला, आणि ही तारीख ऐन हंगामात येते. त्याच्या नावाने मेजवानी देण्याची प्रथा 1801 पासूनची. घागऱ्यासारखी चौकड्यांची किल्ट नेसायची, बॅगपाइप वाजवत ताट आत आणायचं, त्यातल्या पदार्थाला उद्देशून बर्न्सची कविता म्हणायची आणि म्हणता म्हणताच त्यात सुरी खुपसायची.

ताटात असतं हॅगिस. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस बारीक करून, ओट, चरबी, कांदा, मसाला घालून जठराच्या पिशवीत शिजवलेलं. मुंडी-वजडी खाणाऱ्याला यात दचकण्यासारखं काही नाही. ओटच्या जागी बाजरी कल्पून बघा.

जेवणानंतर ‘केली’ नावाचे गटनाच. इथे नाच न येणं ही अडचण नसते, कारण एक जण पुढे उभा राहून पावलं ओरडून सांगतो. म्हणजे स्की शिक्षकाचंच काम, फक्त लाकडी जमिनीवर. पडणारे इथेही पडतात. शिक्षकाला मात्र व्हिस्की बेताचीच घ्यावी लागते, सकाळी वर्ग असतो.

आपल्याकडचे सूर

स्कॉटिश बॅगपाइप ऐकायला आल्प्समध्येच जायला हवं असं नाही. औली ज्या गढवालात आहे तिथल्या लग्नाच्या वरातीत मशकबीन वाजते. ती बॅगपाइपच, ब्रिटिश काळात पलटणींमधून डोंगरात गेलेली. बर्न्सच्या मेजवानीच्या शेवटी हात धरून म्हणतात ते ‘ऑल्ड लँग साइन’ तर आपल्या पुणे जिल्ह्यातच, खडकवासल्याच्या एनडीएत, दीक्षान्त संचलनात वाजतं.

आणि शिरूरचं काय? इथे इंग्रजांची छावणी होती. 74व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचा कर्नल विल्यम वॉलेस, 1803 च्या असईच्या लढाईत लढलेला, 1809 साली इथेच वारला. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात नोंद आहे की शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत आणि सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर ठेवत.