वर्धेच्या दोन तीरांवरील मशिदींचे कागद

चांदा शहराच्या तटास जे चार मुख्य दरवाजे आहेत, त्यांपैकीं एकाचें नांव पठाणपुरा. गोंड राजांच्या राजधानींत पठाणांचा पुरा होता, एवढेंच तें सांगतें. तो केव्हां वसला, त्यांत नमाजाची जागा कोठें होती, तिच्या दिवाबत्तीची सोय कोणीं लावून दिली, हें नांवावरून कळावयाचें नाहीं. फारसी तवारिखांचाही येथें फारसा उपयोग होत नाहीं. त्यांच्या कर्त्यांचें लक्ष या अरण्यप्रदेशांत वैरागडच्या हिऱ्यांवर आणि चांद्याच्या खंडणीवर. सन १६६७ मध्यें दिलेरखान चांद्यावर चालून आला, तेव्हां राजानें कबूल केलेल्या रकमा त्यांनीं काळजीपूर्वक नोंदल्या. शहरांतील बांगी कोण होता, याची विचारपूस त्यांनीं कशाला करावी?

ही उणीव भरून काढावयाची तर मशिदींचींच दप्तरें पाहिलीं पाहिजेत. मशीद ही नुसती मेहराब असलेली इमारत नसून वस्तीचें एक ठाणें असतें. इमामाची नेमणूक, मुतवल्लीचा जमाखर्च, मकतबांतील मुलांची शिकवणी, काजीकडील निकाहाच्या वह्या, कबरस्तानाची हद्द, यांपैकीं प्रत्येक बाबीचा कागद होतो. व जमिनीचें इनाम असल्यास तो सरकारीं दप्तरींही उतरतो. संग्राहकांचा घोटाळा होतो तो मात्र पुढेंच.

वर्धा नदीच्या पूर्वेस बल्लारपूर व पश्चिमेस राजुरा. मध्यें अंतर थोडें. परंतु १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेपलीकडील मुलखावरचे हक्क भोंसल्यांनीं सोडले आणि दोन्ही तीरांच्या दप्तरांच्या वाटा कायमच्या निराळ्या झाल्या. पूर्वतीरावरील जुनीं इनामें भोंसल्यांच्या मोडी कागदांत शोधावीं. १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर तींच 'माफी' या सदराखालीं इंग्रजी महसुली दप्तरांत दिसूं लागतात. राजुरा तालुका मात्र निजामाच्या राज्यांत राहिला. तेथील मशिदींचा कारभार हैदराबादेच्या उमूर-इ-मजहबी खात्याकडे, इनामांची चौकशी अतियातीकडे, आणि निवाड्याचा कागद म्हणजे 'मुन्तखब'. तो प्रथम फारसींत व पुढें उर्दूंत असावयाचा. हा तालुका १९५६ त नांदेडास व १९५९ त चांद्यास जोडला गेला. यामुळें आजच्या जिल्ह्याची सीमा प्रमाण मानून राजुऱ्याच्या मशिदीचा कागद नागपुरास शोधणारा रिकाम्या हातानें परततो, व कित्येकदां 'इनाम नाहीं, सबब मशीद अर्वाचीन' असा निर्णय ठोकून देतो. असल्या निर्णयास आमची मुळींच संमति नाहीं.

कालगणनेंतही असाच धोका आहे. मराठी कागदावर 'सन अर्बा सबैन मया व अलफ' असें आलें तर तें सुहूर ११७४. त्यांत ५९९ मिळवावे, म्हणजे १७७३-७४ हें वर्ष निघतें. तोच काळ फसलींत ११८३ होतो, तेथें मिळवणी ५९० ची. शिलालेखावरील हिजरी सनास यांपैकीं कोणतीच सरळ मिळवणी चालत नाहीं; तें वर्ष चांद्र असल्यामुळें सौर वर्षाच्या मानानें शंभर वर्षांत सुमारें तीन वर्षांचा फरक पडतो. शिवाय दगड एका इमारतींतून काढून दुसरींत बसविलेला असूं शकतो. शिलेचा सन तो इमारतीचा सन, असें एकदम धरूं नये.

हे कागद केवळ आमच्यासारख्यांच्या कुतूहलाचे नाहींत. २०२५ च्या दुरुस्तीनें निव्वळ दीर्घ वहिवाटीवरून नवी मालमत्ता वक्फ ठरण्याची वाट बंद झाली आहे. तेव्हां एखाद्या खेड्यांतील मशिदीच्या जमिनीचा हक्क मुतवल्लीच्या पेटींतील एका जीर्ण सनदेवर अवलंबून राहूं शकतो. ती सनद विकत घेऊन आपल्या संग्रहांत आणणें आम्हांस गैर वाटतें. तिची नक्कल अगर छायाचित्र घ्यावें, मागील बाजूचे शेरे व शिक्के वगळूं नयेत, ती कोठें सांपडली तें लिहावें, आणि मूळ पत्र जेथल्या तेथें ठेवावें.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास सिरोंचा आहे, त्याची गोष्ट आणखी निराळी. तें १८६० पासून १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. त्या चौदा वर्षांचे कागद चांद्याच्या नांवाखालीं न मिळाल्यास त्या जुन्या जिल्ह्याच्या नांवानें मागावे.