आठवड्यात दुसरी दुरुस्ती : ‘पॅच’ तपासणं म्हणजे नेमकं काय?

१३ फेब्रुवारी २०२५ ला पोस्टग्रेस या डेटाबेसची १७.३ ही आवृत्ती आली. सुरक्षेतलं एक मोठं भगदाड त्यात बुजवलं होतं. बरोबर सात दिवसांनी, २० तारखेला, नेहमीचं वेळापत्रक मोडून १७.४ काढावी लागली. कारण पहिल्या दुरुस्तीतच नवी चूक शिरली होती.

पोस्टग्रेस फुकट आहे, त्याचा कोड कुणीही वाचू शकतो. त्याच्याशी थेट बोलायचं साधन म्हणजे पीएसक्यूएल. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, खाली उत्तर येतं. भगदाड इथेच होतं, आणि ते समजायला आपली देवनागरी बरी पडते.

‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं, इंग्रजी अक्षर १. पहिला बाइटच सांगतो की पुढचे किती माझे. आता, नाव-पत्ता असा मजकूर डेटाबेसकडे अवतरणचिन्हांत घालून पाठवतात. मजकुरातच अवतरणचिन्ह आलं तर ते दुप्पट करतात, म्हणजे मजकूर कुठे संपला याचा घोळ होत नाही. हल्लेखोराने ‘पुढचा एक माझा’ असं खोटं सांगणारा बाइट ठेवून मागे अवतरणचिन्ह लावलं, की अवतरणं लावणारा कोड ती जोडी एकच अक्षर समजून सोडून द्यायचा. पीएसक्यूएल मात्र ते चिन्ह सुटं वाचायचं. झालं! मजकूर तिथेच संपला, पुढचा सगळा हुकूम. आणि पीएसक्यूएलमधून थेट ऑपरेटिंग सिस्टीमलाही हुकूम देता येतो, म्हणजे डेटाबेसच काय, अख्खं मशीन हातात. रॅपिड-सेव्हन कंपनीच्या संशोधकांना हे दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरची चूक तपासताना सापडलं.

दुरुस्तीत काय बिघडलं? त्या कोडला ‘एवढेच बाइट वाच’ अशी लांबी सांगितलेली असते. नवा कोड ती लांबी न पाळता पुढे वाचू लागला, काही प्रोग्रॅम कोसळलेही. सुरक्षेचे पॅच जाहीर होईपर्यंत मोजक्याच लोकांसमोर असतात. एरवीचे पॅच सगळ्यांसमोर उघडे असतात.

पॅच म्हणजे एक साधी फाइल. काढलेल्या ओळीपुढे उणे, घातलेल्या ओळीपुढे अधिक. चोपडीत खोडलेली रक्कम आणि नवी रक्कम दोन्ही दिसावी, तसं. तपासणारा आधी तो पॅच ताज्या कोडवर बसतो का बघतो, मग कंपाइल करतो, ठरलेल्या चाचण्या चालवतो. इथवर यंत्रही करतं. खरं काम पुढे: रिकामा मजकूर, तुटका बाइट, अफाट लांब नाव घालून तो मोडून बघायचा. पीएसक्यूएलमध्ये नवा हुकूम येत असेल तर मदतीच्या पानात त्याची ओळ आहे का, टॅब दाबल्यावर तो पूर्ण होतो का, जुन्या सर्व्हरशी जोडल्यावर काय होतं, हेही पाहावं लागतं. आणि सगळ्यात अवघड प्रश्न, हे हवंच आहे का? एकदा घातलेला हुकूम काढणं फार कठीण.

शेरे तीन प्रकारचे: तपासणी बाकी, लेखकाकडे परत, किंवा कोडमध्ये घालायला तयार. शेवटची सही मात्र कमिटरची. जो पॅच पाठवतो त्याने दुसऱ्याचाही एक तपासावा, असा पोस्टग्रेसचा रिवाज आहे. जमाखर्च लिहिणारा आणि ऑडिट करणारा वेगळा, हे व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही.

हे सगळं कुठेतरी परदेशात चालतं असं नाही. २००८ च्या ८.३ आवृत्तीत अपडेट झपाट्याने करणारी ‘हॉट’ ही सोय आली, ती प्रामुख्याने पवन देवळसी यांची. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या ईडीबी कंपनीचं कार्यालय पुण्यात आहे. पण तपासायला नोकरी लागत नाही. इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवर खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही लॅपटॉप आणि इंटरनेटवर हे जमतं. थोडी सी भाषा मात्र यायला हवी.

आपल्या पतसंस्थेत किंवा दुकानात पोस्टग्रेस चालत असेल तर संगणकवाल्याला आवृत्ती विचारा. १७.४, १६.८, १५.१२, १४.१७, १३.२० किंवा त्यापुढची हवी. १७.३ वर थांबला असेल तर त्याचं काम अर्धंच झालंय.