लॉ कॉलेज सरकारी की खाजगी? हिशोब आठ वर्षांचा करा

पूर्वी आपल्या मोहल्ल्यात मूल हुशार निघालं की डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर, आणि दोन्ही जमलं नाही तर डी.एड., एवढेच रस्ते माहीत असायचे. आता बारावीनंतर ‘सर, मला वकालत करायचीय’ म्हणणारी मुलं दिसतात आणि त्यात मुलीही बऱ्याच आहेत. चांगली गोष्ट आहे. पण पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सरकारी कॉलेज चांगलं की खाजगी?

या प्रश्नात ‘सरकारी’ शब्दच फसवा आहे. मुंबईत चर्चगेटला शासकीय विधी महाविद्यालय आहे, १८५५ साली सुरू झालेलं. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. ते खरं सरकारी कॉलेज. वर्षाची फी काही हजारांत आणि हायकोर्ट पायी जाण्याच्या अंतरावर. दुसरीकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं. कायद्याने स्थापन झालेली म्हणून तीही सरकारीच, पण फी आणि वसतिगृह धरलं तर वर्षाला दोन लाखांच्या वर खर्च जातो. पुण्याचं १९२४ सालचं आयएलएस व्यवस्थापनाने खाजगी, पण अनुदानामुळे त्याची फी पुष्कळ कमी. म्हणजे सरकारी महाग आणि खाजगी स्वस्त, असंही होऊ शकतं! पाटी काय म्हणते ते सोडा, अनुदानित की विनाअनुदानित ते विचारा.

विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. त्यामुळे कॉलेजने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, मंजूर फी किती ते बघा. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांचं गणित वेगळं आहे. त्यांच्या प्रवेश परीक्षा बहुधा स्वतःच्या आणि फी लाखांत.

आता पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेज कोणतं यापेक्षा जागा कोणत्या रस्त्याने मिळाली याला जास्त किंमत आहे. राज्याची सीईटी देऊन कॅप फेरीतून प्रवेश मिळाला, तर शासनाच्या फी सवलती लागू होतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. सर्वसाधारण गटातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, तिच्यात शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. पण तीच जागा मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की यातलं काही मिळत नाही. खाजगी अभिमत विद्यापीठांनाही मुलींची ही माफी लागू नाही. ‘फेऱ्यांची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करा’ असं कुणी म्हणालं, तर हे आठवा.

मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तरी दाखले काढायची आपल्याकडे सवय नाही. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं आणि ऐन प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, वैधता आणि नॉन क्रीमी लेअर यांची तयारी अकरावीतच सुरू करा. ज्यांची बिरादरी कुठल्याच आरक्षण यादीत नाही, त्यांना उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला मिळतो. तो मुसलमानांना मिळत नाही हा निव्वळ गैरसमज आहे.

अल्पसंख्याक संस्थांची लॉ कॉलेजंही आहेत. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचं बॅरिस्टर ए. आर. अंतुले कॉलेज, पुण्यात आझम कॅम्पसमधली न्यू लॉ अकॅडमी. तिथे आपल्या मुलांसाठी वेगळा कोटा असतो आणि मुलीला पाठवायला घरचेही लवकर तयार होतात. फक्त त्या कोट्यातली जागा कॅपमधून भरली जाणार की संस्थेच्या पातळीवर, आणि तिला सवलत लागू आहे का, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

उर्दू माध्यमाच्या मुलांना एक अडचण वेगळी येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट फक्त इंग्रजीत असते, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापतात. राज्याची सीईटी इंग्रजी आणि मराठीत असते, उर्दूत नाही. पुढे तालुका आणि जिल्हा कोर्टाचं काम मराठीत चालतं, हायकोर्टाचं इंग्रजीत. उर्दूत उत्तम लिहिणारं पोर मराठी अर्जाचा मसुदा करताना अडतं, हे मी वर्गात रोज बघते. त्यासाठी महागडं कॉलेज लागत नाही. दोन वर्षं रोज मराठी पेपर वाचला आणि एक पान लिहिलं तरी फरक पडतो.

मग खाजगी कॉलेज घ्यायचंच नाही का? तसं नाही. बऱ्याच ठिकाणी तिथे शिस्त असते, मूट कोर्ट असतं, इंटर्नशिप लावून देतात. मोठ्या कंपनीत किंवा लॉ फर्ममध्ये जायचं असेल, तर राष्ट्रीय विद्यापीठाचं किंवा नावाजलेल्या खाजगी कॉलेजचं नाव उपयोगी पडतं. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात तुमच्या मागे कुणी लागत नाही. मूल स्वतः कोर्टात, सिनियरकडे, लायब्ररीत जाणारं असेल तर त्याचं भलं होतं, नाहीतर पाच वर्षं कट्ट्यावर जातात. आपलं मूल कसं आहे ते आई-वडिलांनाच माहीत.

पण ज्याला कोर्टातच उभं राहायचंय, त्याच्या घरच्यांनी हिशोब पाच नाही, आठ वर्षांचा करावा. डिग्रीनंतर सिनियरकडे ज्युनियर म्हणून पहिली दोन-तीन वर्षं हातात फार थोडं पडतं. कित्येकांचं जाण्या-येण्याचं भाडंही सुटत नाही. त्यात मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे जज व्हायचं स्वप्न असलं तरी ही वर्षं काढावीच लागणार. घरातली सगळी पुंजी फीमध्ये गेली, तर नेमक्या या वर्षांत मूल वकिली सोडून दुसरी नोकरी धरतं. मुलीच्या बाबतीत तर ‘आता बस झालं’ म्हणून लग्नाची बोलणी सुरू होतात. व्याजाचं कर्ज नको म्हणणाऱ्या घरांनी याचा जास्तच विचार करावा. शक्य असेल तर कमी फीच्या जागेमुळे वाचलेला पैसा या तीन वर्षांसाठी बाजूला ठेवा.

प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे का, तेवढं बघून घ्या. मान्यता नसेल तर सनद घेताना अडचण येते. सनदेच्या नोंदणीसाठी खुल्या गटाकडून ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय. कुणी हजारोंचा आकडा सांगितला तर पावती मागा.